कवठसरला 'जातो' म्हणतात

दिंडोशीच्या म्हाडा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही चौघं राहतो. मी रश्मी, नवरा आकाश, नववीतली मुलगी इरावती आणि माझ्या सासूबाई शांताबाई. त्यांना मी आत्या म्हणते. आकाशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. मी लॅब टेक्निशियन. अकरा वर्षं कंत्राटावर लोकांचं रक्त काढलंय. दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसवतात, म्हणजे माणूस कधीच कायम होत नाही. ही चोरीच आहे, फक्त तिला नियम म्हणतात.

मार्चमध्ये कायम नेमणुकीचं पत्र आलं. ग्रामीण रुग्णालय, कवठसर. तीस दिवसांत हजर व्हावे, अन्यथा निवड रद्द. माझं वय बेचाळीस. हे पत्र पुन्हा येणार नव्हतं.

आकाशने मोबाइलवर नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला. "च्यायला, गावाच्या आधी रस्ताच संपतोय."

"नेटवर्क आहे का तिकडे?" इराने विचारलं.

आत्या मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझा सासरा बाबासाहेबांचं ऐकून गाव सोडून आला. आणि तू उलटी निघालीस?"

"पक्की नोकरी आहे, आत्या."

"गावात सगळंच पक्कं असतं गं. आपली विहीरसुद्धा पक्की वेगळी होती."

शेवटी ठरलं की आधी जाऊन बघायचं, मग ठरवायचं. इराची परीक्षा चालू होती. तिला खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे, श्रुतिकाकडे ठेवलं आणि रविवारी आम्ही तिघं गेलो.

कवठसर वाईट नव्हतं. एक मोठा रस्ता, एसटी स्टँड, दोन्हीकडे कवठाची झाडं, नुकता रंग दिलेलं रुग्णालय. लॅबमध्ये माझ्या उंचीला नेमकं बसेल असं टेबल होतं. मला कमरेचं दुखणं आहे, त्यामुळे असल्या गोष्टी लक्षात राहतात.

मग भाड्याचं घर बघायला निघालो. आता सरळ सांगते. आमच्यासारख्यांनी गावात घर बघायला गेलं की आधी पाणी येतं, मग प्रश्न येतो. "आडनाव काय आपलं?" आमचं आडनाव गायसमुद्रे. ते ऐकलं की घर एक तर कालच दिलेलं असतं, नाही तर मुलाच्या लग्नासाठी ठेवलेलं असतं. मुंबईतही होतं हे, फक्त इंग्रजीत होतं. मी तयारीनेच गेले होते. कुणी विचारलं असतं तर तोंडावर सांगून भांडणार होते.

कुणीच विचारलं नाही. चहावाल्याने नाही, रुग्णालयाच्या शिपायाने नाही, घरमालकीण वनमालाबाईंनीही नाही. बाई साठीच्या, सडपातळ, आवाज खालचा. स्वतः ज्या कपातून चहा प्यायल्या तसल्याच कपांतून आम्हाला दिला. आत्यांनी कप फिरवून बघितला. कपाचा कान फुटलेला नव्हता. त्यांच्या लहानपणी त्यांच्यासाठी गोठ्यात ठेवलेल्या कपाला कान नसायचा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

घर दोन खोल्यांचं होतं. पुढच्या खोलीत भिंतीवर एक खिळा होता आणि त्याखाली रंगात फिकट चौकोन उमटलेला. बाबासाहेबांचा फोटो आमच्या घरी आहे, साधारण तेवढा. आधीच्या भाडेकरूंचं काही असेल, असं मी म्हटलं.

एकच गोष्ट खटकली. तिथे निघताना सगळे 'जातो' म्हणतात. चहाच्या टपरीवरून उठलेला माणूस 'जातो' म्हणाला. वनमालाबाईंकडे विरजण मागायला आलेली शेजारीण 'जाते' म्हणाली आणि गेली. आपल्याकडे मेलेला माणूस जातो. जिवंत माणूस 'येतो' म्हणूनच उंबरा ओलांडतो.

"काय अपशकुनी पब्लिक आहे यार," आकाश माझ्या कानात म्हणाला.

निघताना आत्यांनी दारात चपला घातल्या आणि आयुष्यभराच्या सवयीने म्हणाल्या, "येते हं, बाई."

वनमालाबाई थांबल्या. "येता?"

"येते की."

"किती जण?"

आत्या हसल्या. कान असलेल्या कपाने त्यांना खूश केलं होतं. "चौघं. नात घरी आहे, ती धरून."

वनमालाबाई हसल्या नाहीत. पदराला हात पुसत म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आमच्याकडं जिथं परत यायचं नाही, तिथं 'येते' म्हणत नाहीत."

परतीच्या गाडीत मी ठरवूनच टाकलं होतं. जायचं. जिथे आडनाव विचारत नाहीत असं गाव महाराष्ट्रात सापडलंय, तर तिथे जायचं.

सोमवारी दूध आलं नाही. मी खाली जाऊन दूधवाल्या अंबादासला गाठलं.

"वहिनी, तुम्हीच बंद केलं की. आजींचा फोन आला काल दुपारी. म्हणाल्या, आम्ही गावाला राहायला आलो."

काल दुपारी आत्या माझ्या शेजारी गाडीत होत्या. त्यांना फोन घेता येतो, लावता येत नाही.

"म्हातारी स्मार्ट झाली," आकाश म्हणाला. पण त्याने आत्यांचा फोन उघडून बघितला. एकही कॉल गेलेला नव्हता.

मंगळवारी संध्याकाळी कामावरून आले तर गेटवर वॉचमन चंद्रप्रकाशने पाहुण्यांची वही पुढे केली. "मॅडम, एंट्री करा. कुणाकडे जायचंय?"

"डोळे आलेत का रे तुझे? नऊ वर्षं बघतोयस मला."

तो ओशाळला. "सॉरी मॅडम. ध्यान नव्हतं." वही त्याने मागे घेतली. पण मी लिफ्टपर्यंत जाईस्तोवर तो मान तिरकी करून बघत राहिला, ओळख लागत नसलेल्या माणसाकडे बघतात तसा.

बुधवारी इराच्या शाळेतून फोन आला. शाळा सोडल्याचा दाखला तयार आहे, शुक्रवारी शेवटचा पेपर झाला की न्या. आम्ही अर्जच केला नव्हता. मी अर्धी रजा टाकून गेले आणि क्लार्कशी भांडले. त्याने अर्ज काढून दाखवला. पत्ता कवठसरचा होता. सही आत्यांची होती.

ती सही दुसरी कुणाची असूच शकत नाही. आत्या साठाव्या वर्षी रात्रीच्या वर्गात सही शिकल्या आणि पहिल्या दिवसापासून अनुस्वार एक घर पुढे देतात. 'शातांबाई'. इराने शंभर वेळा सुधारून दिलं, बदललं नाही. अर्जावर 'शातांबाई' होतं. तारीख रविवारची.

"रविवारी शाळा उघडी असते का हो?" मी विचारलं.

क्लार्कने कॅलेंडर बघितलं, अर्ज बघितला, आणि खिडकी लावून घेतली.

लॅबमध्ये असं झालं की मी घाबरत नाही. दोन ट्यूबांची लेबलं अदलाबदल होतात, एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला जातो, घरात रडारड होते. मी पुन्हा सुई लावते, पुन्हा तपासते. लेबल चुकतं, रक्त चुकत नाही. मी स्वतःला हेच सांगितलं. कुठेतरी लेबल चुकलंय.

तरी गुरुवारी सकाळी मी उरलेल्या आठवड्याची रजा टाकली आणि घरात जाहीर केलं. जायचं नाही.

"वाट लागली मग तुझ्या नोकरीची," आकाश म्हणाला.

"लागू दे."

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? अकरा वर्षं होती ती. पण मी फोन स्पीकरवर टाकला आणि वनमालाबाईंना लावला. समोर आत्या मेथी निवडत बसल्या होत्या.

"बाई, आम्ही येत नाही. घर दुसऱ्या कुणाला द्या."

पलीकडे भांडी वाजली. मग त्या म्हणाल्या, "असं कसं, गायसमुद्रे बाई? आजी रविवारीच आल्या की. आत्ताच जेवल्या. मेथी केली होती."

माझं आडनाव मुंबईत पहिल्या फटक्यात कुणाला नीट म्हणता येत नाही. त्या अडखळल्या नाहीत.

"तुम्हाला आमचं आडनाव कुणी सांगितलं?"

"दारावर पाटी लावलीय तुमची. तुमच्या मिस्टरांनीच लावली. ते सोमवारी आले. मंगळवारी तुम्ही आलात आणि दवाखान्यात हजर झालात." आवाज तसाच, खालचा, आपुलकीचा. "मुलगी तेवढी राहिलीय. शनिवारी यायची ना?"

मी फोन ठेवला.

"फ्रॉड आहे," आकाश म्हणाला. "तुझ्या नावावर दुसरीच कुणी बसलीय तिकडे. थांब." त्याने रुग्णालयाचा नंबर शोधून स्पीकरवर लावला. रश्मी गायसमुद्रे आहेत का, असं विचारलं.

"मॅडम रक्त काढतायत. थांबा, देते."

पावलं वाजली. कुणीतरी फोन घेतला. "कोण बोलतंय?"

आकाशने माझ्याकडे बघितलं आणि कॉल कापला. अकरा वर्षं पेशंटला मी त्याच आवाजात "मूठ मिटा" म्हणत आलेय.

दुपारी मी मेथीची भाजी केली, आत्यांना ताट वाढलं.

"मला नको गं," त्या म्हणाल्या. "जेवले की मी मघाशी."

दर शुक्रवारी सकाळी मी आत्यांची साखर तपासते. मशीन घरातच आहे. बोट पुसलं, सुई टोचली, दाबलं. थेंब आला नाही. म्हातारपणी येत नाही कधीकधी. दुसरं बोट टोचलं. तिसरं. आत्या कुरकुरल्यासुद्धा नाहीत. एरवी एका सुईला शेजारपाजार गोळा करतात.

नवीन सुई काढली आणि स्वतःचं बोट टोचलं.

अकरा वाजेपर्यंत माझी दहाही बोटं टोचून झाली होती.

"आकाश, हात दे."

त्याने मूठ आवळून पाठीमागे नेली. "नको," एवढंच म्हणाला, आणि खिडकीकडे तोंड करून बसला.

इरा पेपर देऊन आली, तेव्हा मी तिला चप्पलही काढू दिली नाही. बोट धरलं, टोचलं.

"आई! काय करतेस?"

थेंब आला. लाल, टपोरा. फरशीवर पडला. मी पुसला नाही. बराच वेळ बघत बसले.

घरातली एकच ट्यूब भरलेली होती. ती मी कुणाला नेऊ देणार नव्हते. दाराला आतून कडी घातली, कुलूप लावलं, किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. शनिवार जाऊ दे, म्हटलं. शनिवार तेवढा जाऊ दे.

शनिवारी सकाळी मी दारासमोर खुर्ची टाकून बसले. ऊन फरशीवर आलं. कालचा थेंब वाळून तपकिरी झाला होता. कॉलनीत कुणीतरी गाद्या झोडपत होतं.

इरा आतून आली. केसांना तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या. मी तिला वेण्या घालत नाही, तिचे केस कापलेले आहेत. पाठीला दप्तर होतं.

"बस आत जाऊन," मी म्हटलं.

ती ऐकत होती, पण माझं नाही. दार उघडं होतं. किल्ली माझ्या गळ्यात होती.

मी उठायला गेले. पाय उचलले गेले नाहीत, असं नाही. उचलले गेले. मी चालले. अंतर कमी झालं नाही.

ती उंबऱ्यात थांबली, परक्या घरातून निघताना थांबतात तशी. खोलीवर एकदा नजर फिरवली.

"जाते," म्हणाली.

मला दुसरं काहीच सुचलं नाही. ती बोलायला शिकली तेव्हापासून जे सांगत आले तेच तोंडातून निघालं. "जाते नाही गं. येते म्हण."

तिने वळून बघितलं. चांगल्या घरच्या मुली अनोळखी बाईशी बोलतात, तशी नम्रपणे हसली.

"नाही हो," ती म्हणाली. "आईने सांगितलंय. जिथं परत यायचं नाही, तिथं 'येते' म्हणायचं नाही."