एका उदाहरणाची उणीव

भूकंप झाल्यावर दीड मिनिटात साऱ्या जगाला कळलं, की काहीही झालेलं नाही.

‘मध्यम तीव्रता. खोली पाचशे ऐंशी किलोमीटर. निर्मनुष्य सागरी प्रदेश. हानी नाही.’

हा निकाल ‘निवाडा’ या स्वयंनिर्णय यंत्रणेचा. डॉ. अच्युत सबनीसांनी तो मनगटपट्टीवर वाचला, तेव्हा ते दक्षिण प्रशांत महासागराच्या तळाशी, खंदकाकाठच्या सागरतळ-वेधशाळेत, एका पोलादी कपाटाखाली कमरेपर्यंत अडकले होते. खंदकाचा उतार वेधशाळेवर कोसळला होता, वरचं दार वाकून बसलं होतं आणि हवा फार तर उद्या दुपारपर्यंत पुरणार होती. सोबत एकच माणूस, यंत्रचालक तांडेल. तो पहार घालून कपाट उचलायच्या खटपटीत होता.

निवाडा हे सबनीसांचंच अपत्य. पूर्वी कुठेही जमीन हलली की घाबरट लोक फोन करायचे, बचावनौका धावायच्या आणि रिकाम्या परतायच्या. सबनीसांनी हा पोरखेळ थांबवला. त्यांचं सूत्र सोपं होतं: भूकंप खोल आणि दूरचा असेल तर हानी नाही, आणि हानीची बातमी आलीच तर ती अफवा. निकालात माणसाला ढवळाढवळ करता येऊ नये, हीसुद्धा त्यांचीच सूचना. “माणूस गहिवरतो,” असं ते शाल-श्रीफळ स्वीकारताना म्हणाले होते. टाळ्या पडल्या होत्या.

पुण्याच्या केंद्रातून त्यांच्या सहायक डॉ. रुक्साना मुजावर बोलत होत्या. आवाज भिंतीतल्या कर्ण्यातून येत होता.

“मुजावर, नौका सोडा.”

“तीनदा विनंती केली, सर. अफवा म्हणून नोंदली गेली. तिसऱ्यांदा तर मलाच समज मिळाली.”

“अहो, इथल्या कंपमापकांचे आकडे बघा ना!”

“निवाड्याने ती यंत्रंच नादुरुस्त ठरवलीत. इतक्या खोल भूकंपात वर एवढा हादरा शक्यच नाही, असं तुमचं सूत्र आहे.”

सबनीसांनी नकळत मान डोलावली. सूत्र खरोखर देखणं होतं.

“पण भूकंपाचं केंद्र आमच्यापासून चारशे किलोमीटर पश्चिमेला. मग हादरा इथे आला कसा?”

“कंपवाट, सर. समुद्रतळाचा पट्टा खंदकापाशी वाकून पृथ्वीच्या पोटात शिरतो. भोवतालच्या खडकापेक्षा तो थंड आणि ताठ असतो. खाली कंप झाला, की थेट डोक्यावरच्या तापल्या, मऊ खडकात तो विरून जातो. पट्ट्यातून मात्र तसाच्या तसा वर चढतो. रुळाला कान लावला की लांबची गाडी ऐकू येते ना, तसं. त्या रुळाचं वरचं टोक म्हणजे खंदक. म्हणजे तुम्ही.”

“हे आधी सांगायला काय झालं होतं?”

“शोधनिबंध लिहिला होता, सर. दोन वर्षं झाली. परीक्षकांनी अडवलाय.”

“कोण गाढव आहे तो?”

तांडेल उगीचच खोकला.

“परीक्षकांची नावं गुप्त असतात, सर. पण ‘असल्या गप्पा चहाच्या टपरीवर माराव्यात’ असं लिहिणारे आपल्या क्षेत्रात फार नाहीत.”

सबनीसांना एकदम वाट दिसली. निबंध स्वीकारला गेला, की निवाडा आपलं सूत्र आपोआप बदलत असे. “मंजूर!” ते ओरडले. “आत्ताच्या आत्ता मंजूर!” त्यांनी मनगटपट्टीवरून शिफारस धाडली.

उत्तर लगेच आलं. ‘परीक्षकांचा हितसंबंध गुंतलेला आहे. शिफारस अग्राह्य. मूळ अभिप्राय कायम.’

हा नियमही चांगलाच होता. एका प्रतिस्पर्ध्याला बाजूला काढण्यासाठी सबनीसांनीच तो करवून घेतला होता.

“मूळ अभिप्रायात काय होतं?” त्यांनी हळूच विचारलं.

“टपरी सोडली तर एकच अट. वाचते. ‘खोल भूकंपामुळे खंदकापाशी झालेल्या किमान एका मृत्यूचं खात्रीलायक उदाहरण लेखिकेने द्यावं. ते मिळताच निबंध स्वीकारण्यास हरकत नाही.’” मुजावरबाईंच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता. “खात्री मनगटपट्टीवरून होते, सर, आणि पट्टी नुसती काढली तर तिला ते कळतं. तिथली एक नाडी थांबली, की निबंध स्वीकृत, सूत्र दुरुस्त, नौका रवाना. नौका जवळच आहे. रात्रीपर्यंत पोचेल.”

“मुजावर, तुम्ही काय बोलताय कळतंय का तुम्हाला?”

“ऋणनिर्देशात तुमचं नाव घालीन, सर.”

कपाट एव्हाना वीतभर उचललं गेलं होतं. तिथेच ते थांबलं. तांडेलने पहारेवरचा हात सैल केला आणि कपाट सावकाश पुन्हा खाली टेकलं.

“सर,” तो अदबीने म्हणाला, “त्या अटीत कुणाचं नाव-बिव घातलंय का तुम्ही?”

सबनीसांनी आठवून पाहिलं. घातलं नव्हतं. अट पूर्णपणे वस्तुनिष्ठ होती.