कठड्यापासून मोजलेलं पाणी

टेप माझ्या हातातून निसटला तो थेट विहिरीत... आणि पाण्यात पडायच्या आत कुणीतरी त्याची दोरी मुठीत धरली.

"खाली वजन बांधलेलं हाय. आधी दोरी मनगटाला गुंडाळा," तो म्हणाला.

हा वाल्मिक. पाथर्डीकडचा, आई-वडील ऊसतोडीला गेलेले. यंदाच आमच्या कॉलेजात, भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला आलेला. पारनेरजवळच्या या गावात विहिरींच्या सर्व्हेला सरांनी रोल नंबरनुसार माझी जोडी त्याच्याशी लावली होती. सहा विहिरी. पाणी किती खोल आहे ते दोघांनी वेगवेगळं मोजायचं, प्रत्येक ठिकाणी तीनदा, आणि मग जर्नलात लिहायचं.

"बत्तीस फूट," मी ऐटीत सांगितलं. "तुझं?"

त्यानं वहीत बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत वहीत.

"...बत्तीसच."

"मग एवढा विचार कसला करत होतास?"

"ऊन लई हाय," असं म्हणून तो मान खाली घालून हसला. आता उन्हाचा नि बत्तीसचा काय संबंध, सांगा बरं!

सहाही विहिरींवर हेच. एरवी हा पोरगा नकाशातल्या एका रेषेवरून सरांशीसुद्धा वाद घालतो. वर्गातल्या ओंकारला तर रोज खोटं पाडतो. आणि माझ्यापुढे मात्र... "बरोबर हाय." मला काही कळेना. घाबरतो? टाळतो? की मी खरंच इतकी हुशार आहे? हे शेवटचं मला पटायला लागलं होतं, काय सांगू!

सोमवारी सरांनी आमची जर्नलं टेबलावर आपटली. "पाणी जमिनीपासून मोजतात, कठड्यापासून नाही! कठड्याची उंची कोण वजा करणार? सहाच्या सहा चूक. शनिवारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर सही नाही. आणि सहीशिवाय प्रॅक्टिकलला बसता येणार नाही. दोघांनाही."

मी देवळालीची. आमच्याकडे उसाला पाटाचं पाणी, विहिरीत वाकून बघतंय कोण? माझं चुकलं ते समजू शकते. पण वाल्मिक? ज्यानं लहानपणापासून दर उन्हाळ्यात विहिरीचा तळ बघितलाय, तो कठडा विसरेल?

मी त्याची कच्ची वही ओढूनच घेतली. बत्तीसच्या खाली खोडलेला आकडा होता, एकोणतीस. पुढच्या पानावरही तसंच. सहाही विहिरी त्यानं तीन-तीनदा बरोबर मोजल्या होत्या आणि सगळं खोडून माझं चुकीचं लिहिलं होतं.

"वर्ष गेलं असतं तुझं! येडा आहेस का?"

"तुमी इतक्या खुशीत सांगत हुता... चुकलं म्हनवंना."

मला राग आलाय की रडू येतंय, तेच समजेना. खोडलेले आकडे सर घेणार नव्हते, म्हणून शुक्रवारी परत मोजायला निघालो. एसटीत एकाच बाकावर बसलो, मध्ये त्याची सॅक. पाच विहिरींपर्यंत आकड्यांशिवाय बोलणं नाही. सहाव्या विहिरीवर मी दोरी मनगटाला नीट गुंडाळली आणि टेप सोडला.

"एकतीस."

"न्हाई. साडेतीस. टेप तिरका धरलाय तुमी."

पहिल्यांदाच त्यानं मला चूक म्हटलं, आणि मला इतकं छान का वाटलं, देव जाणे.

"अजून काय खरं सांगायचं राहिलंय?" मी विचारलं.

गुंडाळलेली दोरी त्यानं सोडली, परत गुंडाळली.

"आवडता तुमी मला."

माझ्या डोक्यात नुसता गोंधळ. अशा वेळी काय बोलतात? तोंडात आलं ते बोलून गेले, "एकदा घेतलेलं चालत नाही. तीनदा लागतं."

"आवडता," तो हसला. मग विहिरीत बघत, अगदी हळू, "लई आवडतीस."

मला वाटलं, संपलं. पण हा भूगोलाचा विद्यार्थी!

"दोघांनी वेगवेगळं मोजायचं असतं," तो म्हणाला. "तुझं किती आलं?"

मी विहिरीत बघितलं, त्याच्याकडे बघितलं, परत विहिरीत.

"...तेवढंच," मी म्हणाले. "आणि खोडून लिहिलेलं नाही."