बिराप्पाच्या माळावरचं चुन्याचं कडं

जोतीरामला मारलं ते माझ्या सख्ख्या चुलत्यानं, नारायणतात्यानं. त्याला आता मी अहोजाहो करत नाही. पोरानं स्वतःच्या चुकीनं जीव घालवला असं कराडात अजून सांगतात. सांगणारे सगळे म्हातारे आहेत, आणि सगळे तात्याच्या ओसरीवर चहा पिणारे.

तात्या हवाई दलातून निवृत्त झालेला. कराडच्या धावपट्टीवर हौशी लोकांचा एक क्लब होता, दोन माणसांची दोन कापडी विमानं होती, आणि मार्ग आखून द्यायचं काम तात्याकडं. कराड, कुंडल, म्हसवड, परत कराड. वाटेत इंजिन बंद पडलं तर कुठं उतरायचं, त्या जागांना नकाशात हिरवं वर्तुळ. दरवर्षी तिथं जाऊन बघायचं आणि वहीत लिहायचं, 'स्वतः पाहिले, जागा सुरक्षित.' सत्तर साली तात्या खरंच गेला होता. पुढची वर्षं घरात बसून तेच वाक्य उतरवून काढलं. मधे बहात्तरचा दुष्काळ पडला, आणि म्हसवडजवळ बिराप्पा धनगराच्या माळावर, त्या हिरव्या वर्तुळाच्या बरोबर मधोमध, विहीर खणली गेली. कोरडीच लागली. कठडा कुणी बांधला नाही.

जोतीराम कुंडलचा. कॉलेजात माझ्या खोलीत राहायचा, क्लबात माझ्याबरोबरच विमान शिकायचा. चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये त्याचं इंजिन नेमकं तिथं बंद पडलं. नकाशावर विश्वास ठेवून तो उतरला आणि विमान विहिरीत गेलं.

महिन्यानं मुंबईहून चौकशीचा साहेब यायचा होता. आदल्या दिवशी तात्यानं मला काम सांगितलं, दळण आणायला सांगावं तसं. चुन्याची गोणी मोटारसायकलवर टाक, विहिरीभोवती कडं ओढ, वर थोडी माती उडव म्हणजे जुनं दिसेल. उद्या साहेबाला सांग, कडं दोन वर्षांपासून आहे. धनगरांना कोण विचारतंय, म्हणाला. मी तोंड उघडलं तेव्हा एवढंच बोलला, "तुझा विमानाचा परवाना माझ्या सहीवर अडलाय."

मी गेलो.

पोचेपर्यंत ऊन कललं होतं. बिराप्पाची आई बनुबाई खोपटाच्या दारात बसली होती. कशाला आलास, हे तिनं विचारलं नाही.

"लवकर आवरा, दादा. उन्हं उतरली की यतंय त्ये."

"काय यतंय?"

"आवाज. मग तुटतुया. तवा आमी दार लावून घेतो..."

मी चुना कालवला. विहिरीतून अजून पेट्रोलचा वास येत होता. कडं पुरं करून वर माती टाकत होतो तेवढ्यात दक्षिणेकडून इंजिनाचा आवाज आला. वर बघितलं. आभाळ रिकामं. आवाज डोक्यावर आला, दोनदा ठसकला, आणि तुटला. मागं खोपटाची कडी लागली.

इंजिन बंद पडलं तरी विमान मुकं होत नाही. पंखांच्या तारांतून वारा शीळ घालत राहतो. ती शीळ खाली येत होती. माळाच्या पलीकडच्या टोकाला धूळ उठली. जमिनीला चिकटलेल्या दोन रेघा, सरळ माझ्या अंगावर येणाऱ्या. वीस पावलांवर त्या रेघा अचानक वळल्या. समोर खूण दिसल्यावर चालवणारा वळवेल, तशा. कड्याला बगल देऊन पुढं जाऊन थांबल्या.

विमानाचं दार उघडल्याचा आवाज झाला. मग पावलं. माझ्या पुढ्यात येऊन थांबली.

"हे आधी का न्हाई केलंस, गड्या..."

जोतीरामच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

कारण ती विहीर मी डिसेंबरातच वरून बघितली होती. तात्याला सांगितलीही होती. नकाशा बदलला तर माझ्या सगळ्या सह्या खोट्या ठरतील, गप बस, म्हणाला. मी गप बसलो. जोतीरामच्या खाटेपासून माझी खाट चार हातांवर होती, तरी.

दुसऱ्या दिवशी साहेबापुढं मी पढवल्याप्रमाणे सगळं बोललो. चूक जोतीरामची ठरली. त्याचा बाप ज्ञानू कुंडलहून आला होता. बाहेर आल्यावर त्यानं माझाच हात धरला. "तू तरी हुतास त्येचा," म्हणाला. तात्या शेजारी उभा राहून मान हलवत होता.

परवाना मिळाला. पहिल्या दिवशी उरलेल्या विमानात एकटाच चढलो, तर शेजारच्या रिकाम्या जागेचा पट्टा बांधलेला. सोडला. खाली उतरून पंखा तपासून आलो, तर पुन्हा बांधलेला. बक्कलाला हात लावला. एप्रिलची सकाळ होती, विमान रात्रभर सावलीत उभं होतं, आणि बक्कल अंगाला लागून असल्यासारखं ऊबदार होतं.

मी उतरलो. नंतर कधी उडालो नाही. कॉलेज सुटलं, घर सुटलं. कुंडलला मी जात नाही.