दुपारची झोप

कचेरीत त्यांना सगळे चौकशीबाई म्हणत. एखाद्या कैद्याला पॅरोलवर सोडायचं का, हे ठरण्याआधी त्याने जिला मारहाण केली तिला भेटून तिचं म्हणणं ऐकायचं, हे त्यांचं काम. त्यांचा एकच नियम होता. बाईने बोलायचं ते एकटीनेच. सासू, दीर, शेजारीण, कुणीही कान देऊन बसलेलं चालायचं नाही. म्हणून खुर्चीवर टेकण्याआधी त्या घरभर फिरून यायच्या, न्हाणीघरात डोकवायच्या, पलंगाखाली वाकून पाहायच्या. लोक नाकं मुरडायचे. मुरडोत बापडे!

त्या दुपारीही चौकशीबाई अशाच जिना चढून गेल्या. घर शिवणकाम करणाऱ्या एका बाईचं. नवऱ्याने तिला ह्याच जिन्यावरून खाली ढकललं होतं आणि त्यासाठी तो काही वर्षं आत होता. तुरुंगात मात्र स्वारी अगदी गरीब गाय झाली होती म्हणे. आता त्याला महिनाभर घरी यायचं होतं.

चौकशीबाईंनी घर पाहिलं. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र, कापडांचे ढीग. आतल्या खोलीत पलंग, त्यावर ताणून घातलेली चादर. माणूस कुणी नाही. फक्त तंबाखूचा वास होता, ताजा, नुकताच कुणी मळावा तसा. त्यांनी आतलं दार लोटलं आणि बाईसमोर येऊन बसल्या.

"बोला ताई. यजमानांना सोडावं असं वाटतं का तुम्हाला?"

शिवणाऱ्या बाईने लोटलेल्या दाराकडे पाहिलं. काहीतरी ऐकत असल्यासारखी तिने मान कलती केली. मग म्हणाली, "माझी काही हरकत नाही."

"भीती नाही वाटत?"

पुन्हा तेच. आधी दाराकडे नजर, मग उत्तर. "नाही. चांगले आहेत ते."

कापड सारताना तिची बाही वर गेली. मनगटावर चार बोटांचे वळ होते, निळे, ओले वाटावेत इतके ताजे. चौकशीबाई चक्रावल्या. नवरा गजाआड आणि वळ कालचे! दुसरं कुणी येतं की काय घरात?

"हे कुणी केलं, ताई?"

"दाराला लागलं."

तेवढ्यात आत पलंग करकरला. कुणीतरी कूस बदलली होती... चौकशीबाई उठल्या आणि त्यांनी दार उघडलं. खोली रिकामी. चादर तशीच ताणलेली, पण उशी मध्येच दबलेली होती. त्यांनी हात लावला. उशी उबदार होती.

"दुपारी झोपतात ना ते... तिकडे," बाई मागून अगदी हळू म्हणाली. "झोप लागली की इकडे येतात."

बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं चौकशीबाईंनी स्वतःला बजावलं. तिचा भ्रम फिटावा म्हणून त्यांनी तिथूनच तुरुंगात फोन लावला. बराकीवरचा शिपाई ओळखीचा होता.

"झोपलाय मॅडम. रोजचंच आहे त्याचं. जेवला की आडवा."

"उठवा त्याला."

"अहो, हलवतोय की. मढ्यासारखा पडलाय लेकाचा..."

शिपाई तिकडे हलवत होता आणि इकडे पलंग हलत होता. त्याच्या प्रत्येक हिसक्याबरोबर रिकामा पलंग भिंतीवर आपटत होता. चौकशीबाई दारापर्यंत मागे सरल्या.

"उठला एकदाचा!" शिपाई म्हणाला.

पलंग थांबला. चौकशीबाईंनी फोन बंद केला. काय झालं ते त्यांना कळत नव्हतं, पण तंबाखूचा वास गेला होता, हे मात्र खरं.

बाईने दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरला. इतका वेळ विझलेला तिचा चेहरा एकदम जिवंत झाला. तिने त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि श्वासापेक्षाही हलक्या आवाजात घाईघाईने सांगितलं, "सोडू नका हो त्यांना. झोपेत येऊन इतकं करतात... जागेपणी आले तर जीवच घेतील माझा. मघाशी मी बोलले ते सगळं खोटं होतं."

"नाही सोडणार. माझा शब्द," चौकशीबाई म्हणाल्या. त्यांच्याही जिवात जीव आला. खरं काय ते अखेर कळलं होतं, आणि नियमाप्रमाणे, एकटीकडून. दुपारी त्याला कामाला जुंपायला सांगू, रात्री पहारा ठेवायला सांगू, असं काहीबाही त्या मनात जुळवू लागल्या. हे कचेरीत कुणाला पटेल, ते मात्र सुचेना.

फोन वाजला. शिपाईच होता.

"मॅडम, हा उठल्यापासून नुसता हसतोय बघा. आणि एक निरोप द्या म्हणतोय."

"काय?"

"म्हणतोय, तिला सांगा, ऐकलं मी." शिपाई जरा घुटमळला. "कुणाला सांगायचं, मॅडम?"

चौकशीबाईंनी फोन कानाशी घट्ट दाबून धरला होता. बाईला त्यातलं अक्षरही ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

आतल्या खोलीतून पुन्हा तंबाखूचा वास आला, आणि हाक यावी तशी तिने तिकडे मान वळवली. चेहरा पुन्हा विझला.

"आले हं," ती म्हणाली, आणि पदर सावरत उठली.