कुंपणाची जुनी रेघ

"मॅडम, आमची डुकरं वेड्यासारखी वागतायत," एवढं बोलून फोनवरची बाई रडायलाच लागली.

हवालदाराला हसू आवरेना. फौजदारबाई हसल्या नाहीत. याच बाईचा नवरा आठवड्यापासून बेपत्ता होता. त्यांनी जीपची किल्ली उचलली आणि हवालदाराला बरोबर घेतलं.

घर लहानसं. मागे भाजीचे वाफे आणि त्यांना लागून डुकरांचं आवार. भोवती जाळीचं कुंपण, आतल्या बाजूला वीतभर उंचीवर विजेची तार. डुकरानं नाक लावलं की झटका.

धाकटा दीर दारातच आडवा आला.

"वहिनींचं मनावर घेऊ नका. दादा गेल्यापासून त्यांचं डोकं ठिकाणावर नाही."

"कुठे गेले दादा?"

"या डुकरांना कंटाळला होता. गेला असेल कुठेतरी."

"मला न सांगता ते कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नाहीत," वहिनी आतून म्हणाली. "मी दोन दिवस माहेरी होते. परत येते तर हे नाहीत आणि कुंपण निम्म्या वाफ्यांपर्यंत सरकलेलं!"

"दादानंच सरकवलं," दीर म्हणाला. "जागा पुरत नव्हती."

कंटाळलेला माणूस कुंपण वाढवतो? फौजदारबाईंनी हा प्रश्न मनातच ठेवला.

"घरात काही कुरबूर?"

"कुत्री शिरली होती आवारात," वहिनी म्हणाली. "तार बंद राहिली होती. सगळी पिल्लं फाडली. हे फार चिडले होते."

"कुणावर?"

तिनं दिराकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

सगळे मागे गेले. आवारात विचित्र शांतता होती. डुकरं जुन्या भागात एकमेकांना खेटून उभी होती. पायाखाली नुसता चिखल. नव्या भागात मात्र मुळ्यांची पानं हिरवीगार डोलत होती. एकच वाफा मोकळा होता.

"तिथले मुळे मी काढले," न विचारताच दीर म्हणाला.

फौजदारबाईंनी उष्ट्याची बादली मागवून मुळ्यांत ओतली. डुकरं किंचाळत धावली आणि मध्येच, मोकळ्या जमिनीवर, थबकली. एकीनं नाक पुढे केलं आणि घाबरून मागे घेतलं. समोर ना तार होती ना जाळी. फौजदारबाईंनी त्या जागी वाकून पाहिलं.

"इथे काय आहे?"

"पूर्वी इथे तार होती," वहिनी म्हणाली. "काढली तरी त्यांची धास्ती जात नाही. मागे एकदा कुंपण वाढवलं, तेव्हा हे जुन्या जागी पाट टाकून बसायचे. हातानं चारत, लाडीगोडी लावत एकेकीला पलीकडे न्यायचे. मी म्हणायचे, बायकोला कधी असा घास भरवला नाहीत! यंदा कुणी बसलंच नाही, म्हणून रुसली असतील."

"तुम्ही तेव्हा इथे होता?" फौजदारबाईंनी दिराला विचारलं.

"नाही. शहरात कामाला होतो."

"तरीच!" त्या वळल्या. "हे कुंपण दादांनी सरकवलेलं नाही. त्यांनी सरकवलं असतं, तर डुकरांना पलीकडे नेल्याशिवाय ते उठले नसते. ज्यानं सरकवलं, त्याला डुकरांची एकच सवय ठाऊक होती. जमीन दिसली की उकरायची. त्याला वाटलं, एका रात्रीत सगळे वाफे सारखे होतील आणि खणल्याची खूण उरणार नाही. पण डुकरांनी रेघ ओलांडली नाही. म्हणून तो एकच वाफा उघडा पडला. तार चालू करायला कोण विसरलं होतं?"

दीर मागे सरकला, पण मागे हवालदार उभा होता.

"मीच," तो पुटपुटला. "दादा म्हणाला, आजच्या आज घर सोड. माझ्या हातात घण होता... खांब ठोकायचा..."

हवालदार आता हसत नव्हता. त्यानं फावडं घेतलं. थोडंसं खणल्यावर तो थांबला आणि त्यानं टोपी काढली.

वहिनीनं किंकाळी फोडली नाही. ती वाफ्याच्या कडेला आली.

"म्हणजे हे मला टाकून गेले नव्हते?"

"नाही ताई," फौजदारबाई म्हणाल्या. "घरीच होते."

वहिनी घरात गेली आणि पाट घेऊन आली. जुन्या रेघेवर तो टाकून ती त्यावर बसली, आणि मग तिला रडू फुटलं.