मागचं टोक

आत्याला न्यायला गेलो होतो, एवढंच काम. भर दुपार, खाली टॅक्सी उभी. ड्रायव्हरला म्हटलं, थांबा, आलोच. आत्याच्या हृदयाला आता जिने झेपायचे नाहीत, तिला एकटीला ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला वाढवलं तिनेच. आईवडील गेल्यावर तिच्याशिवाय मला कुणी नव्हतं, आजही नाही. म्हणून तिला माझ्याकडे आणणार होतो. बॅग भरून ठेव, असं सकाळीच फोनवर सांगितलं होतं.

बॅग रिकामी पडली होती. बाईसाहेब पडदे ओढून, टीव्हीसमोर बसून व्हिडिओ गेम खेळत होत्या.

तो गेम तुम्ही पाहिलेला नसणार. माझ्या लहानपणी कुठल्याशा कंपनीने काढला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. जाहिरातीत चांदण्या काय, रॉकेटं काय, आणि खोक्यातून निघालं प्लास्टिकचं डबडं. दोन रिमोट, तेही त्या डबड्याला कायमचे जोडलेले. वर्गातल्या पोरांच्या गेममध्ये गाड्या पळायच्या, बंदुका चालायच्या. आमच्याकडे कॅसेट एकच. तिच्यात ठोकळ्यासारखी दोन माणसं एक खाट उचलून चालायची. खाटेवर पांढरं काहीतरी निजलेलं. पुढचा माणूस एका रिमोटवर, मागचा दुसऱ्या. पाऊल चुकलं की खाट पडली, खेळ खलास. ही असली करमणूक. खाट पोचवायची कुठे, ते म्हणे दुसऱ्या कॅसेटमध्ये येणार होतं. ती यायच्या आत कंपनीने गाशा गुंडाळला, वर्षसुद्धा काढलं नाही. म्हणजे खाट खाली ठेवायची सोयच त्या गेममध्ये नव्हती. पडेपर्यंत चालत राहायचं.

असल्या भंगारावर माझं लहानपण गेलं. आत्या पुढे, मी मागे. ती ऑफिसातून दमून यायची, चपला काढायची आणि म्हणायची, "चल, उचल." पोरं मला हसायची, मीही पुढे त्या डबड्याला हसलो. पण तेव्हा आवडायचं, खोटं कशाला बोलू.

तर त्या दुपारी आत्या पुढचा माणूस चालवत होती. आणि मागचाही चालत होता. पाऊल अगदी पावलाला. दुसरा रिमोट समोरच्या खुर्चीवर पडलेला, खुर्चीत कुणी नाही. खोलीत तापलेल्या धुळीचा वास, आणि टक… टक… असा बटणांचा आवाज. नीट ऐकलं तर तो आवाज दोन्हीकडून येत होता.

"आत्या, तो दुसरा कोण दाबतंय?"

"तू शिकायला बाहेर गेलास ना, तेव्हापासून तोच धरतो."

"तो म्हणजे?"

"मी नाही विचारलं. धरतोय… मग झालं."

मला हसू आलं आणि रागही आला. म्हातारी माणसं भिंतीशी बोलतात, मांजराशी बोलतात. आमचीने निवडलं काय, तर बुडालेल्या कंपनीचं डबडं.

"बटण अडकलंय, आत्या. आत मळ साचलाय. ऊठ, टॅक्सी थांबलीय."

"येते रे. पण असं मधेच टाकून कशी येऊ… खाटेवर माणूस आहे."

एकदाची तिची खात्री पटावी म्हणून मी तो रिमोट उचलला. हातात गरम लागला, नुकताच कुणी ठेवल्यासारखा. अडकलेलं बटण मोकळं करायला अंगठा टेकवला. बटण अडकलेलं नव्हतं. माझ्या अंगठ्याखालून ते आपणहून खाली जात होतं, वर येत होतं… खाली… वर. मी काय करावं? शहाण्या माणसाने करावं तेच केलं. भिंतीतली पिन ओढली.

टीव्ही विझला. आत्याने माझ्याकडे पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि खुर्चीतच कलंडली.

मी जिन्यात जाऊन ओरडलो, ड्रायव्हर धावत वर आला. भला माणूस. म्हणाला, "खुर्चीसकट नेऊ. मी पुढून धरतो, तुम्ही मागून." तो आत्याकडे पाठ करून वाकला आणि हात मागे नेऊन त्याने खुर्चीचे पुढचे पाय धरले. मी म्हटलं, थांबा, तिच्या गोळ्या घेतो. आत गेलो, ड्रॉवर उचकटला, गोळ्या घेऊन बाहेर आलो, तर दारात खुर्ची नव्हती. खालच्या जिन्यातून पावलं ऐकू येत होती. एका लयीत.

मी खाली पोचलो तेव्हा खुर्ची टॅक्सीपाशी होती. ड्रायव्हर कपाळ पुसत म्हणाला, "साहेब, मागून फार छान धरलंत. पावलाला पाऊल. जरा धक्का बसला नाही मावशींना." मी मुठीतल्या गोळ्या खिशात टाकल्या आणि टॅक्सीचं दार उघडलं.

इथे हॉस्पिटलात आणल्यावर नर्सची कुरकुर सुरू झाली, हा पलंग सरळ राहत नाही म्हणून. पायाकडची चाकं फरशीला टेकतच नव्हती. तिने पलंग बदलला, तरी तेच. मग मला म्हणाली, तुमच्या वॉर्डची फरशीच वाकडी. माझा वॉर्ड आहे का? आत्याने डोळे उघडले आणि एवढंच म्हणाली, "पुढचं टोक धर… एकट्याला जमत नाही त्याला."

मी कपाळावर हात मारला आणि चहाला निघालो. दारापर्यंत गेलो नसेन, तर मागे ते ठोके दाखवणारं मशीन कोकलायला लागलं. परत येऊन उशाकडचा हा दांडा धरला, आणि मशीन गप्प झालं. पुन्हा सोडून पाहिला. पुन्हा तेच. तेव्हापासून सोडलेला नाही. डॉक्टरला सांगितलं तर म्हणतो, तुम्हाला ताण आलाय, झोप घ्या. एवढं शिकून हे दिवे लावले.

तुमचा पेशंट शेजारीच आहे आणि तुम्ही विचारलंत, सारखा दांडा धरून का बसता, म्हणून सांगितलं. हसायचं तर हसा, तुमच्या जागी मी पोट धरून हसलो असतो. मला आता एकच भीती आहे. माझे हात भरून आलेत, तसे त्याचेही आले असतील. आणि खाली अलगद ठेवायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. मला काही इथून हलता येत नाही. तुम्ही तेवढं वाकून बघता का, तिकडे पायाकडे, चाकांच्या खाली… अजून फट दिसतेय ना?