निताच्या गाडीपुढून कोण गेलं

दिवाळीच्या अमावस्येला सकाळपासून साखऱ्याजवळच्या त्या तांड्यात घराघरांतून तळणाचा वास सुटला होता. राठोडांची सून निता मात्र आपल्या गाडीच्या स्टिअरिंगखाली उताणी पडून, तोंडात टॉर्च धरून वायरी शोधत होती.

ती सेनगावच्या शाळेत शिकवायची आणि रोज स्वतः गाडी चालवत जायची. गेल्या महिन्यात हिंगोलीच्या बाजारात कोणीतरी गाडीची काच फोडून तिची पर्स नेली. तेव्हापासून गाडीला अलार्म बसवायचं तिनं मनावर घेतलं होतं. तिनं घरबसल्या मागवलेल्या डब्यात अलार्म तर होताच, शिवाय घरात बसल्या बसल्या बटण दाबून गाडी सुरू करायची सोयही होती. हिंगोलीचा मिस्तरी म्हणाला, दिवाळीनंतर या. निता म्हणाली, दिवाळीनंतर काहून? मीच बसवते.

सासरे थावराबापू बाजेवर बसून मजा बघत होते. "काय करून राहिली माय ही?"

"गाडीला राखण बसवून राहिले, मामा," निता आतून म्हणाली. "हात लावला की ओरडंल."

"मंग कुत्रं पाळायचं ना. भाकरी खाऊन गप तरी बसतं."

नवरा रणजीत बाजूला उकिडवा बसून मोबाइलवरचा व्हिडिओ मागंपुढं करत होता. लाल वायर बॅटरीची, काळी बॉडीची, पिवळी चावीची, एकेक करत दोघांनी जमवत आणलं. मग एक निळी वायर उरली.

"ही हँडब्रेकची," रणजीतनं ऐकून सांगितलं. "हँडब्रेक ओढलेला असंल तरच बटणावर गाडी सुरू होणार."

नितानं खूप शोधलं, पण हँडब्रेकचं टोक काही सापडेना. मान आखडली होती आणि आतून सासूबाई, जिवनबाई, करंज्या लाटायला हाका मारत होत्या. शेवटी तिनं ती निळी वायर एका स्क्रूखाली दाबून बॉडीलाच लावून टाकली. आता गाडीला वाटणार की हँडब्रेक कायमच ओढलेला आहे.

"चालंल का असं?" रणजीतनं विचारलं.

"चालंल. गाडी गिअरमध्ये नसली म्हंजे झालं, मी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढते," निता म्हणाली आणि धूळ झटकत बाहेर आली.

अलार्म पहिल्यांदा वाजला तो एका कोंबडीमुळं. ती बॉनेटवर उडी मारून बसली मात्र, गाडी अशी काही किंचाळली की कोंबडी थेट छपरावर गेली. शेजारचे गुलाबसिंग काठी घेऊन धावत आले आणि जिवनबाईंच्या हातातलं लाटणं खाली पडलं. मग जी हसाहस सुरू झाली ती थांबेचना. दुपारभर सारा तांडा येऊन गाडीला एकेक बोट लावून गेला.

संध्याकाळी रणजीत गाडी घेऊन जवळच्याच दुकानातून तेल घेऊन आला. अंगण उताराचं. त्याच्या सवयीप्रमाणं त्यानं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी केली, हँडब्रेक ओढलाच नाही, आणि तेलाचा डबा घेऊन घरात गेला. निताला त्यानं काही सांगितलं नाही. सांगायचं असतं, हेच त्याच्या ध्यानात आलं नाही.

दिवेलागण झाली. त्यांच्याकडं या सांजेला तांड्यातल्या लग्न न झालेल्या पोरी नवे घागरे घालून, हातात दिवे घेऊन घरोघर जातात, थोरामोठ्यांना ओवाळतात आणि दिवाळीचं शुभ चिंततात. पोरींची ओळ राठोडांच्या अंगणात आली तेव्हा सगळ्यांत पुढं रणजीतची बहीण शिला होती. आभाळात चंद्र नव्हता. तेवढ्या ज्योतींच्या उजेडात घागऱ्यांवरचे आरसे लुकलुकत होते. पोरींनी थावराबापूंना ओवाळलं, जिवनबाईंना ओवाळलं, आणि मग शिला लाडात येऊन म्हणाली,

"भाभी, ती गाडी सुरू करा ना! हात न लावता!"

"करा ना, करा ना!" सगळ्या पोरी ओरडल्या, आणि पुढच्या दिव्यांच्या झोतात आपले घागरे दिसावेत म्हणून गाडीसमोरच ओळ करून उभ्या राहिल्या. गाडीचं तोंड उताराकडं होतं, त्यांच्याकडं.

निता ओट्यावर उभी होती. तिनं हसत हसत रिमोट वर धरला आणि बटण दाबलं.

इंजिन गुरगुरलं. दिवे भपकन लागले. आणि गाडीनं पुढं उडी घेतली.

त्या क्षणात निताला सगळं दिसलं. झोतात पांढरे पडलेले पोरींचे चेहरे दिसले, शिलाचं अर्धवट उघडं तोंड दिसलं आणि स्क्रूखाली दाबलेली ती निळी वायरही दिसली.

मग एक आवाज झाला. लोखंडाचा नव्हता तो. भरलेलं पोतं भरल्या पोत्यावर आदळावं तसा, जड, मऊ. गाडीचं नाक थोडं उचललं गेलं, धक्का खाऊन ती जागीच थबकली आणि इंजिन बंद पडलं. पोरींपासून हातभर अंतरावर.

मधे काहीच नव्हतं.

कोंबडीच्या पायानं किंचाळणारी ती गाडी आता चूप होती. ती आणि पोरी यांच्यामधून एक लांब, ओला उसासा आला. नाकपुड्यांमधून सोडलेला. त्यामागून वास आला. घामेजल्या जनावराचा, तागाच्या पोत्याचा, लांबून चालत आलेल्या धुळीचा.

पोरींच्या हातातल्या ज्योती वाकल्या. सगळ्या एकदम नाही. आधी डावीकडच्या पोरीची, मग तिच्या शेजारची, मग शिलाची… आपल्या अगदी जवळून एखादं मोठं अंग हळूहळू पुढं सरकत जावं, तशा एकामागून एक. शेवटची ज्योत सरळ होते न होते, तोच पहिली पुन्हा वाकली.

"भाभी…" शिला पुटपुटली. "कोणीतरी जाऊन राहिलं इथून…"

निता ओट्यावरून उतरायला निघाली, तर थावराबापूंनी तिचा हात धरला. त्यांचा चेहरा मात्र दारात पाहुणे आल्यावर असतो तसा उजळला होता.

"थांब लेकरा… जाऊ दे त्यायला."

"कोणाला, मामा?"

"बोलू नको… अजून हायेत मागं."

ज्योती वाकत राहिल्या, सरळ होत राहिल्या. किती वेळ, ते नंतर कोणालाच नीट सांगता आलं नाही. कुठंतरी खूप खोल, जमिनीच्या पोटात वाजल्यासारखा घंटांचा आवाज होता, असं जिवनबाई म्हणतात. नितानं फक्त स्वतःचं काळीज ऐकलं.

मग वास ओसरला. ज्योती ताठ उभ्या राहिल्या. एकही विझली नव्हती.

सगळ्यांत लहान पोरगी आधी हसली, घाबरूनच, पण हसली. आणि बांध फुटावा तशा सगळ्याच हसायला आणि रडायला लागल्या. निता धावत जाऊन एकेकीला चाचपत होती, हात, खांदे, गाल. शिलाला तर तिनं इतकं घट्ट धरलं की दिव्यातलं तेल दोघींच्या अंगावर सांडलं. रणजीतनं गाडीत डोकं घालून गिअर पाहिला आणि तिथंच खाली बसला.

"माझ्यानं झालं," तो म्हणाला.

"दोघांच्यानं," निता म्हणाली, आणि दिव्यांच्याच उजेडात तिनं रिमोट स्टार्टची वायर उपटून काढली. अलार्म तेवढा ठेवला. त्या सांजेला राठोडांच्या अंगणात पोरी नाचल्या तशा आजवर कुठल्या दिवाळीत नाचल्या नव्हत्या. दुखऱ्या गुडघ्यांच्या जिवनबाईसुद्धा दोन फेर धरून गेल्या, आणि थावराबापू बाजेवरून टाळ्यांनी ठेका देत होते.

दुसऱ्या दिवशी गोधनाच्या पूजेसाठी पोरी रानात फुलं आणायला निघाल्या तेव्हा उन्हं नुकतीच वर आली होती. नितानं टोपली घेतली आणि ती गाडीपाशी थबकली. बंपर आत दबला होता. त्याच्याखालून काहीतरी पांढरं सांडत गेलं होतं. जाडे, मळकट खडे. एक उचलून तिनं जिभेला लावला.

"मामा, मीठ हाये हे."

थावराबापू वाकून बघत राहिले. "आपले लोक बैलांवर मीठ लादून, लेकराबाळांसकट मुलुखभर फिरायचे. माझ्या आजानं पायलं व्हतं. घरं नव्हती तवा इथूनच त्यायची वाट असंल."

जिवनबाईंचा जीव मात्र भलतीकडंच अडकला. "पोतं फाटलं बिचाऱ्यायचं… बैलाला तर लागलं नसंल ना गं?"

मिठाची रेघ अंगणातून निघून तारेच्या कुंपणाखालून सरळ माळाकडं गेली होती. तार कुठं वाकली नव्हती. पोरी गाणी म्हणत त्या रेघेच्या बाजूबाजूनं चालल्या, जाता जाता पिवळी फुलं खुडत, एकमेकींच्या केसांत खोचत. कालची भीती आता त्यांना दागिन्यासारखी मिरवायची होती. निता मागून चालत होती आणि पर्स गेल्यापासून पहिल्यांदाच गुणगुणत होती.

माळाच्या पाठीवर रेघ संपली. तिथं उंच गवत होतं आणि गवतात जागोजाग मोठमोठे गोल दबले होते, जनावरं बसून उठावीत तसे. शिलानं एका गोलात हात ठेवला. "भाभी, गरम हाये!" तिनं हाक मारली, आणि सगळ्या पोरी हसत ओरडत एकेका गोलाकडं धावल्या.

निताला त्या सगळ्या गोलांच्या मधोमध एक लहानसा गोल दिसला. बैलाचा नव्हता. वासराचाही नव्हता. गुडघे पोटाशी घेऊन एखादं लेकरू झोपावं, एवढाच.

ती जवळ गेली आणि वाकली. त्यातलं दबलेलं गवत तिच्या डोळ्यांदेखत, काडी काडीनं, नुकतंच वर उठत होतं.